मदरबोर्डवरचा मोकळा स्लॉट

बारा मे, रविवार, सकाळ. हजर: बाबा, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, भावाचा कतारमधला खोलीसोबती आणि मी. जागा: मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला बाबांच्या घराची पडवी. विषय: भावाच्या नव्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड निवडणे.

अशी नोंद करायची मला सवय आहे. मी एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय, हे लिहून ठेवणं माझं काम, आणि ते घरीही सुटत नाही. भावजय म्हणते, ताईंकडे वाटीभर साखर मागितली तरी पावती मिळेल. मे महिन्यातला रविवार आमच्याकडे सुट्टीचा नसतो, फळ थांबत नाही. तरी मी अर्धा दिवस मागून घेतला होता, कारण ही खरेदी लांबत चालली होती आणि ती का लांबतेय ते मला कळू लागलं होतं.

भाऊ कतारला एका बांधकाम कंपनीत होता. न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर करणं हे त्याचं काम. खिडकीतून ऊन कुठवर येईल, संगमरवरावर दिव्याची तिरीप कशी पडेल, हे सगळं इमारत उभी राहण्याआधी दिसलं पाहिजे. तिथे रक्तदाबाकडे कुणी बघितलं नाही, त्याने तर नाहीच. दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा तो परत आला. आता आठवड्यातून तीनदा शहरातच डायलिसिस. कंपनी बरी निघाली. तिकडून सांगितलं, घरून चित्रं करून पाठव, काम देतो. पण त्याचा जुना लॅपटॉप एवढं ओझं ओढेना. एक चित्र पुरं व्हायला लागलं की तव्यासारखा तापायचा आणि मध्येच बंद पडायचा. काम परत गेलं की भाऊ दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही.

मूत्रपिंड द्यायला घरात कुणी नव्हतं असं नाही, पण जमलं नाही. बाबांचं वय झालं. मला साखर आहे. भावजयीचं रक्त जुळलं नाही, आणि ते कळलं त्या दिवशी ती घरी येऊन तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच परत निवडत. तेव्हा मुंबईच्या एका हॉस्पिटलच्या प्रतीक्षायादीत भावाचं नाव घातलं. फोन येईल तेव्हा लगेच निघायचं. ऑपरेशन झालं की तिथेच हॉस्पिटलजवळ काही महिने खोली घेऊन राहायचं. म्हणून कॉम्प्युटर ताकदीचा हवा, पण एका पिशवीत मावणारा हवा, भावजयीला खांद्यावर घेता येईल एवढा. भावाच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे, त्या हाताने वजन उचलायचं नाही.

हे सगळं ठरलेलं होतं. पेटी ठरली होती, चपलांच्या खोक्याहून थोडी मोठी. ग्राफिक्स कार्ड ठरलं होतं. अडलं होतं ते मदरबोर्डवर. आणि भाऊ दर वेळी म्हणायचा, बघू पुढच्या आठवड्यात.

माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. आल्यापासून तो सगळं लहान आणायचा. टूथपेस्ट लहान. शाम्पूची पुडी. मोबाईलचा रिचार्ज महिन्याचा, वर्षाचा कधीच नाही. चष्म्याचा नंबर बदललाय हे त्यालाही कळत होतं, पण डोळे दाखवायला जाईना. लहान पुडा महाग पडतो हे स्टोअरवाल्या बाईला कुणी शिकवायला नको. मी त्याला तसं बोललेही नव्हते. काही खरेद्यांचा हिशोब पैशांत नसतो.

त्या सकाळी खोलीसोबत्याने दोन खोकी पडवीतल्या बाकड्यावर मांडली. हा आमच्या खालच्या मोहल्ल्यातला. कतारला दोघं एका खोलीत, वरखाली पलंगावर झोपायचे. तो आधी परतला आणि त्याने बाजारात कॉम्प्युटरचं दुकान घातलं. भावाला तो अजून ‘वरचा’ म्हणतो, कारण भावाचा पलंग वरचा होता.

"बघ रे वरच्या. दोन्ही आणलेत. एक ठेव, एक मी परत नेतो. उद्यावर ढकललंस तर दोन्ही नेतो आणि कॅरम आणून देतो खेळायला."

त्याने दोन्ही बोर्ड काढून चंदेरी पिशव्यांवर ठेवले. मी पहिल्यांदाच मदरबोर्ड जवळून बघत होते. माझा पंजा पसरला तर त्याखाली जवळजवळ झाकला जाईल एवढा चौकोन. त्यावर एखाद्या शहराच्या नकाशासारखं दाटीवाटीने बसवलेलं सगळं.

बाबा खुर्ची ओढून जवळ आले. बाबांनी जन्मभर मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं बसवली. आता हात थरथरतात, म्हणून फक्त सल्ला देतात, मागितला नाही तरी.

"ह्यात इंजिन कुठला?"

"काका, इंजिन म्हणजे प्रोसेसर. तो ह्या चौकटीत बसतो, तो वेगळा. हा बोर्ड म्हणजे बोटीचा सांगाडा. सगळं ह्याच्यावर बसतं, सगळ्याला वीज हाच पोचवतो."

"मग सांगाडा बघून घ्या. इंजिन काय, बदलता येतात."

"तेच तर सांगायला आलोय."

मग त्याने समजावलं, आणि मी माझ्या सवयीने लिहून घेतलं. पहिला बोर्ड जुन्या घराण्यातला. चांगला, खात्रीचा. त्याच्यावर बसणारा सगळ्यात ताकदीचा प्रोसेसर येऊन गेला, आता त्याच्यासाठी नवा निघणार नाही. आहे ते काम करील, खराब झाला की संपलं. दुसरा नव्या घराण्यातला. त्याच्या चौकटीत आज मधला प्रोसेसर बसवायचा, पुढे काही वर्षांनी त्याच जागी जोरदार बसवता येईल, बाकी काही बदलायला नको. वीज पोचवणाऱ्या भागावर जाड धातूचे ठोकळे, म्हणजे चित्र तासन्‌तास चाललं तरी बोर्ड तापून मंदावणार नाही. फायली साठवणाऱ्या एसएसडीला दोन जागा, त्यातली एक पाठीमागे. रॅमच्या पट्ट्या बसवायचे स्लॉट मात्र दोघांवरही दोनच. एवढ्याशा बोर्डावर जास्त मावत नाहीत.

"झालं," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारून गेला, "तर किती वर्षांचं बघायचं?"

विचारलं आणि त्याचाच चेहरा उतरला. दुकानात दिवसभर तो हेच विचारत असणार. मीही स्टोअरमध्ये पंप आला, पट्टा आला, काहीही आलं तरी पहिलं हेच विचारते. खालून बंदरावरच्या बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज तेवढा येत राहिला.

"जुना घेऊ," भाऊ म्हणाला. "आजचं काम आज होतंय ना? मग झालं."

"होतंय. पण वर्षा-दोन वर्षांत..."

"बोल की. वर्षा-दोन वर्षांत काय?"

"वर्षा-दोन वर्षांत तुझीच कंपनी मोठमोठ्या फायली पाठवायला लागेल आणि तू माझ्या दुकानात येऊन मला शिव्या घालशील."

"घालायला असलो तर घालीन."

बाबांनी पायातली चप्पल काढली, परत घातली. भावजय चहा घेऊन बाहेर आली. आमच्या हातात कप दिले आणि भावाच्या हातात छोटी स्टीलची वाटी. त्याचं पाणी मोजून असतं, चहाही त्यातच धरायचा. तिने ट्रे भिंतीला टेकवून ठेवला आणि तिथेच उभी राहिली. एरवी ती आत जाते.

"आणि समजा नवा घेतला," भाऊ सगळ्यांकडे बघत म्हणाला, आवाजात थोडी चेष्टा आणून, "तर पाच वर्षांनी तो वरच्या ताकदीचा प्रोसेसर बसवणार कोण? बाबा? हातोडीने?"

"हातोडी नाय लागत," बाबा म्हणाले. "मी बघितलंय, खटका हाय त्याला."

"मी बसवीन," भावजय म्हणाली.

"तुला मिक्सरचं भांडं सरळ बसत नाही."

"ते भांडंच वाकडं आहे. तुमच्या आत्यांनी दिलेलं आहे ते." मग ती दोन्ही बोर्डांकडे बघत म्हणाली, "नवा घ्या. मला जुना नको."

"तुला कशाला हवाय? काम मी करतो."

तिने पदर खोचला. आवाज चढला नाही तिचा. "पेस्ट लहान आणता, मी बोलले नाही. रिचार्ज महिन्याचा मारता, बोलले नाही. चष्मा नको म्हणालात, तेही ऐकून घेतलं. ही पेटी मुंबईला माझ्या खांद्यावरून जाणार आहे. वजन मी उचलणार, तर बोर्ड मी सांगेन तो."

मला वाटत होतं, ते लहान पुडे एकट्या मीच मोजतेय.

भावाने वाटीतला चहा फिरवला. खोलीसोबती जुन्या बोर्डाची पिशवी उगाच घडी करत बसला. बाबांना शांतता सोसत नाही. ते म्हणाले, "आमी बोटीत इंजिनाची बैठक बांधताना लाकूड मोठा घालतो. आज इंजिन बारका असला तरी. पुढे मालकाला बरे दिवस आले, मोठा इंजिन आणलान, तर बोट फोडायची की काय?"

"आणि बरे दिवस नाही आले तर?"

"तर लाकूड ऱ्हातो तिथंच. कुणाचा काय खातो तो?"

भाऊ हसला नाही, पण नाकातून श्वास सोडला, हसण्याच्या जवळपास जाणारा. मग म्हणाला, "ठीक. नवा घ्या. पण रॅमची पट्टी एकच लावायची."

"अरे एकाच पट्टीवर मशीन लंगडत चालेल," खोलीसोबती म्हणाला. "दोन स्लॉट आहेत, दोन पट्ट्या लाव. कंजूषपणा करायची जागा आहे का ही?"

"लंगडू दे. मीपण लंगडतोय. दुसरी पट्टी मुंबईहून आल्यावर."

मुंबईहून आल्यावर. घरात हा शब्दप्रयोग त्याच्या तोंडून आला तो पहिल्यांदा. तोवर आम्ही सगळे ‘मुंबईला जायचं’ म्हणायचो, ‘फोन आला की निघायचं’ म्हणायचो. परत येण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, तो तर नाहीच. भावजयीने ट्रे उचलला आणि आत गेली. मी लिहिलं: दुसरी पट्टी, मुंबईहून आल्यावर. खाली रेघ मारली.

एवढं मात्र मी केलं की पट्ट्या दोन्ही आणायला लावल्या. जोडीच्या वस्तू जोडीनेच घ्याव्यात. पुढे तीच पट्टी मिळेल न मिळेल, वेगळी मिळाली तर पहिलीशी पटेल न पटेल. खोलीसोबत्याने मान डोलावली. दुसरी पट्टी बंद पाकिटासकट मी माझ्या घरी नेली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि कारखान्यातल्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या मूठभर त्यात टाकल्या. आमच्या हवेत उघडा खिळासुद्धा वर्ष काढत नाही.

पुढच्या रविवारी त्याच बाकड्यावर जोडणी झाली. भाऊ खुर्चीत बसून सांगत होता, खोलीसोबती लक्ष ठेवत होता आणि हात भावजयीचे होते. ती बोलल्याप्रमाणे वागली. प्रोसेसर चौकटीत ठेवून खटका दाबायचा होता. तो दाबताना कर्र असा आवाज येतो, काहीतरी मोडल्यासारखा. ती दचकून थांबली.

"दाब," भाऊ म्हणाला. "तो असाच ओरडतो."

"मोडला तर?"

"मोडला तर हा दुसरा आणेल. दाब."

तिने डोळे मिटून दाबला. बसला.

मशीन चालू करायच्या आधी बाबांनी थांबवलं. बंदरावर इंजिन पहिल्यांदा सुरू करताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, ते घातल्याशिवाय बाबांनी जन्मात चावी फिरवलेली नाही. त्यांनी पेटीपुढे नारळ ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात जो काय मशीन बसवलाय..."

"व्हय म्हाराजा!" खोलीसोबती जोरात म्हणाला. लहानपणापासून आमच्या अंगणात ऐकलेलं, त्याला तालही पाठ होता.

"...त्याला पोराच्या हातून काम करू दे, कुणाची वाईट नजर असंल ती बाजूला कर..."

"व्हय म्हाराजा!"

"...लाईटवाल्यांना बुद्धी दे..."

"व्हय म्हाराजा!" आता भावजयही म्हणाली.

"...आणि पोर जसा जाईल तसा घरी येऊ दे."

इथे सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’ एकदम आलं, भावाचंसुद्धा. खालच्या आवाजात, पण आलं. मग त्याने स्वतः बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं उमटली. काही धूरबीर आला नाही. नारळ फोडून सगळ्यांनी खोबरं खाल्लं, भावाने इवलासा तुकडा जिभेवर ठेवला, कारण तेही त्याला मोजूनच.

काम सुरू झालं. पहिलं पूर्ण झालेलं चित्र मला बोलावून दाखवलं त्याने. कुठल्यातरी वाळवंटातल्या शहरातल्या दवाखान्याची बसायची जागा. उंच खिडक्या, लांब बाकं, आणि एका बाकाच्या टोकाला कुणीतरी विसरलेली छत्री. "वाळवंटात छत्री?" मी विचारलं. तो म्हणाला, "उन्हाची." लंगडत का होईना, मशीन चालत होतं. डायलिसिसहून आल्यावर तो पूर्वी आडवा व्हायचा तो संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. आता तासाभराने उठून, चित्र कुठवर आलं ते बघायला जायचा.

मे संपत आला तशा बोटी वर ओढायला लागल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर चढवली की बाबांच्या काळापासूनची रीत अशी, की इंजिनाचं एकही तोंड उघडं ठेवायचं नाही. नळी सोडवली, भर ग्रीस. बॅटरीचं टोक मोकळं झालं, लाव व्हॅसलीन. वर फडकं बांध. दोन महिने खारं वारं घुसत असतं, ते लोखंड बघत नाही की पितळ. बाबा अजूनही त्या दिवसांत बंदरावर जाऊन उभे राहतात आणि पोरांना ओरडतात.

जून निम्मा झाला असेल. खोलीसोबती धुळीची जाळी साफ करायला आला आणि त्याने पेटीचं झाकण काढलं. मी भावाच्या गोळ्यांचा डबा भरत शेजारी बसले होते. तो बराच वेळ वाकून आत बघत राहिला.

"वरच्या, बॅटरी दे मोबाईलची."

भावाने उजेड धरला. रॅमचा दुसरा स्लॉट, जो मोकळा होता, तो मोकळा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळसर काहीतरी भरलं होतं, बोटाने दाबून सपाट केलेलं. पेटीच्या मागच्या बाजूची, तारा लावायची पण आम्ही वापरत नव्हतो ती सगळी भोकंही भरलेली.

"काका!" खोलीसोबत्याने हाक मारली. "काका, हे काय केलंत हो?"

बाबा दारातून आले. काय झालंय ते त्यांना कळेना. "व्हॅसलीन हाय. ग्रीस नाय घातला, म्हटलं काळा होईल. उघडा तोंड ठेवू नये. खारा वारा शिरतो."

"कधी भरलंत?"

"हा दवाखान्यात गेलेला तेव्हा. मशीन बंद होता. बघूनच केलंय मी." मग आमचे चेहरे बघून त्यांचा आवाज खाली आला. "दुसरी पट्टी येईपत्तूर जागा राखून ठेवायची की नाय?"

"काका, अहो आतल्या टोकांना सोन्याचं पाणी दिलेलं असतं. ते नाही गंजत असं."

"सोना हाय तर आदी सांगायचंत," बाबा म्हणाले, आणि हाताची बोटं लुंगीला पुसली, जणू व्हॅसलीन अजून बोटांना असावं.

भावजय आतून आली होती. मला भीती भावाची होती. त्या मशीनवर त्याचं कामच नव्हे, दिवसच चालत होते. शिवाय डायलिसिसनंतर त्याचा राग कुठूनही उसळायचा. त्याने मोबाईलचा उजेड परत आत धरला आणि स्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवला.

"नीट भरलंयत हो बाबा," तो म्हणाला. "कोपरासुद्धा सोडला नाहीत."

बाबांना ही चेष्टा आहे की नाही ते कळलं नाही. मलाही नाही.

"मशीनला धोका नाही म्हणा," खोलीसोबती म्हणाला. "व्हॅसलीनमधून वीज जात नाही. पण धूळ चिकटेल. स्पिरिट आणि बारीक ब्रश आणतो, उद्या बसून काढू. दोन-तीनदा धुवावं लागेल, खोल असतं ते."

"नको," भाऊ म्हणाला. "राहू दे. पट्टी लावताना काढू."

"अरे तोवर..."

"तोवर बाबांनी राखलंय ते राहू दे."

झाकण परत लावलं. बाबा बाहेर जाऊन पडवीत बसले. थोड्या वेळाने भाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

गणपती झाले आणि नंतर फोन आला. दुपारची वेळ. पिशवी तयार होती, ती मीच महिन्याच्या महिन्याला उलटून परत भरत असे: रिपोर्ट, औषधं, चादर, दोन दिवसांचे कपडे. पेटी भावजयीने स्वतः बांधली, टॉवेलात गुंडाळून. तारा कुठल्या कुठे जायच्या ते तिने रंगीत दोरे बांधून ठेवलं होतं. खोलीसोबत्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि गाडी दारात आणली. बाबा राहिले. त्यांना नको म्हटलं, प्रवास झेपायचा नाही. ते फाटकापर्यंत आले आणि पेटीवर हात ठेवून म्हणाले, "झाकण घट्ट हाय ना?"

मुंबईला पोचल्यावर तपासण्या झाल्या. आम्ही बाकावर बसलो. अशा वेळी एकाहून जास्त जणांना बोलावून ठेवतात, ज्याचं सगळ्यात चांगलं जुळेल त्याला मिळतं. हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं. तरी समोर बसलेल्या दुसऱ्या कुटुंबाकडे बघायचं आम्ही टाळलं आणि त्यांनी आमच्याकडे. त्यांचं जुळलं. आतून निरोप आला तेव्हा त्या बाईने तोंडावर पदर घेतला आणि रडली, आणि रडताना आमच्याकडे बघून हात जोडले. भावजयीनेही जोडले. पेटी तिच्या मांडीवर होती, न उघडलेली.

परत येताना गाडीत घाट उतरल्यावर भाऊ म्हणाला, "आमची वेळ येईल तेव्हा समोर कुणीतरी बसलेलं असेलच." आणि खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून परस्पर बाबांकडे गेले. येताना घरून बिस्किटांचा डबा घेतला होता. का घेतला ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. काहीतरी पुरं करावं असं वाटत होतं. पेटी टेबलावर होती आणि भावजय दोऱ्यांचे रंग बघत तारा लावत होती. मी डबा उघडून पट्टी बाहेर काढली.

"लावून टाकू या का? ठरल्याप्रमाणे मुंबईहून आलातच."

भावाने पाकीट हातात घेतलं. उलटसुलट करून त्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, डोळ्यांपासून लांब धरून, जवळ आणून. जुना चष्मा. वाचता आलं नाही. मग ते माझ्या हातात परत दिलं.

"हे येणं धरायचं नाही, ताई. जाऊन आलो, एवढंच."

मी पाकीट डब्यात ठेवलं. डबा बंद करत होते तेव्हा तो म्हणाला, "आणि स्पिरिट आणलंस का?"

"कसलं?"

"स्लॉट साफ करायला. आणि ब्रश. आणून ठेव. ऐन वेळी शोधाशोध नको. तुझ्यासारखी स्टोअरवाली असून हे मी सांगायचं?"

"मेल्या, तूच राहू दे म्हणालास ना?"

"आज करायचंय असं कुठे म्हणतोय?"

दुसऱ्याच दिवशी आणलं. त्यानंतर बाबांनी टूथपेस्ट आणायला म्हणून त्याच्या हातात पिशवी दिली, तर तो गेला आणि येताना चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आला. पेस्ट मात्र लहानच आणली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिते.

आता परत मे आलाय. बोटी वर ओढायला लागल्यात आणि बाबा बंदरावर जाऊन पोरांना ओरडतायत. फोन अजून आलेला नाही. पिशवी मी परवाच उलटून भरली, ओल शोषणाऱ्या पुड्या बदलल्या. भाऊ सध्या एका शाळेच्या जिन्याची चित्रं करतोय, एकाच पट्टीवर, सावकाश. भावजय म्हणते, रात्री मशीनच्या पंख्याचा आवाज थांबला की तिला जाग येते.

माझ्याकडे तयार आहे ते असं: स्पिरिटची बाटली, बारीक मऊ ब्रश, सुती फडकं आणि डब्यात पट्टी. राहिलंय ते एवढंच: स्लॉटमधलं बाबांचं व्हॅसलीन काढायचंय आणि दुसरी पट्टी बसवायची आहे.